विश्लेषण : राऊटरवरचा लाल दिवा कशामुळे लागतो? मेडशीपर्यंत येणारी फायबर केबल आणि तिचे हिरवे-निळे कनेक्टर

जुलै महिना. सोयाबीनची पेरणी आटोपलेली, पीक विम्याची शेवटची तारीख तोंडावर आलेली. सेवा केंद्रासमोर सातबारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स हातात घेतलेली माणसे उभी. अशा वेळी भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यावरचा ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल होऊन लुकलुकू लागतो. एलओएस म्हणजे ‘लॉस ऑफ सिग्नल’, डब्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही. मग कुणी डबा बंद करून चालू करतो, कुणी पिवळी वायर काढून फुंकर मारून पुन्हा लावतो. पहिल्या उपायाने काही बिघडत नाही. दुसऱ्याने मात्र बिघडू शकते.

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातले मेडशी हे अकोला-वाशीम महामार्गावरचे गाव. अकोल्याहून निघाले, पातूर मागे पडले की घाट लागतो, जंगल लागते आणि मग मेडशी येते. मोबाइलच्या टॉवरला डोंगर आडवा येतो. फायबर मात्र डोंगराला वळसा घालून जमिनीखालून येते. म्हणून अशा गावांना फायबरचे महत्त्व शहरापेक्षा जास्त. पण फायबर आले म्हणजे नेट आले, असे होत नाही. काचेचा धागा स्वतः फारसा दगा देत नाही. दगा देतात ते जोड, टोके आणि शेवटच्या काही मीटरमध्ये निवडलेली चुकीची वस्तू. कोणती केबल कुठे वापरायची आणि कोणता कनेक्टर कशाला लावायचा, हे ठरलेले आहे. त्याकडे दुर्लक्ष झाले की लाल दिवा लागतो.

काचेत प्रकाश कोंडून कसा राहतो?

फायबर म्हणजे अतिशुद्ध काचेचा, मधोमध वेगळा गाभा असलेला धागा. गाभ्याला ‘कोअर’ आणि भोवतालच्या काचेच्या थराला ‘क्लॅडिंग’ म्हणतात. दोन्ही काचच, पण गाभ्याचा अपवर्तनांक किंचित जास्त असतो. त्यामुळे तिरप्या कोनात आलेला प्रकाश बाहेर न पडता आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. विहिरीत बुडी मारून वर पाहिले, तर एका ठरावीक कोनापलीकडे आकाश दिसत नाही, पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. तेच तत्त्व इथे वापरले आहे. क्लॅडिंगसह काचेची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या दुपटीच्या आतबाहेर. त्यावर प्लास्टिकचे आवरण चढवल्यावर ती साधारण २५० मायक्रॉन होते.

या तंत्राच्या पायाभरणीत मोगा येथे जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ नरिंदर सिंग कपानी यांचे नाव घेतले जाते. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवून दिले, की दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश पाठवता येतील. त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. भारतात स्थानिक टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ मध्ये सुरू झाली ती पुण्यात. आज महाराष्ट्रात फायबर नुसते वापरले जात नाही, बनतेही. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा येथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने आहेत. तिथे काचेचा जाड दांडा दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्यातून किलोमीटरच्या किलोमीटर धागा ओढला जातो.

सिंगल मोड आणि मल्टी मोड म्हणजे काय?

फायबरची पहिली मोठी विभागणी गाभ्याच्या जाडीवरून होते. सिंगल मोडचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा असतो. इतक्या अरुंद गाभ्यात प्रकाशाला जायला एकच वाट उरते. मल्टी मोडचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रॉनचा; त्यात प्रकाश अनेक वाटांनी जातो. ऐकायला मल्टी मोड सरस वाटेल, पण घोटाळा इथेच आहे. वेगवेगळ्या वाटांनी निघालेले किरण वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, एकामागून एक सोडलेले ठिपके एकमेकांत मिसळतात आणि काहीशे मीटरनंतर संदेश वाचता येत नाही.

मल्टी मोडच्या प्रती ओएम१ ते ओएम५ अशा नावांनी ओळखल्या जातात. सेकंदाला १० गिगाबिट वेग हवा असेल तर ओएम१ वर जेमतेम ३३ मीटर जाता येते, ओएम३ वर ३०० मीटर. नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये एका रॅकमधून दुसऱ्या रॅकमध्ये जायला एवढे पुरते, कारण तिथे लागणारी प्रकाश देणारी उपकरणे स्वस्त पडतात. वाशीम जिल्ह्यातल्या गावाला मात्र मल्टी मोडचा काही उपयोग नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राखालून येणाऱ्या केबलपासून मेडशीतल्या घराच्या भिंतीपर्यंत जे काही आहे, ते सगळे सिंगल मोड.

बाहेरच्या आवरणाचा रंग पाहून हे ओळखता येते. इमारतीच्या आत वापरायची पिवळी वायर म्हणजे सिंगल मोड, नारिंगी म्हणजे ओएम१ किंवा ओएम२, फिकट निळसर हिरवी म्हणजे ओएम३ किंवा ओएम४, पोपटी म्हणजे ओएम५. दुकानात ‘फायबरची पॅचकॉर्ड द्या’ एवढेच सांगितले आणि नारिंगी हातात पडली, तर ती घरच्या राऊटरला लावून उपयोग नाही. ९ मायक्रॉनच्या गाभ्यातला प्रकाश ५० मायक्रॉनमध्ये शिरेल, पण परत ९ मध्ये येताना बहुतेक सगळा सांडेल.

सिंगल मोडमध्येही पोटप्रकार आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकांनुसार लांब पल्ल्यासाठी सर्वाधिक वापरला जातो तो जी.६५२डी. त्याला सुमारे ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळवू नये. घरातले कोपरे, दाराच्या फटी, खिळ्यावर गुंडाळलेली वेटोळी यांच्यासाठी जी.६५७ची मालिका आली. तिच्यातला ए१ प्रकार १० मिलिमीटर आणि ए२ साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळण सोसतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात; फरक केबलवर बारीक अक्षरात छापलेला असतो. तो वाचण्याची सवय फार कमी जणांना आहे.

रस्त्याच्या कडेला कोणती केबल पुरतात?

धागा तोच, पण त्याला अंगरखा कोणता हे जमिनीवर ठरते. मेडशी परिसरात वर कपाशी-सोयाबीनची काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वर्षानुवर्षे होणाऱ्या या हालचालीत उघडी पुरलेली केबल ताणली जाते. म्हणून दूरसंचाराच्या कामात साध्या जमिनीत १.६५ मीटर खोल चर खणून त्यात आधी एचडीपीई पाइप टाकतात. रस्त्याकडेला नारिंगी, निळ्या रंगाच्या पाइपांची मोठी वेटोळी पडलेली दिसतात ती हीच. बाहेरून ४० आणि आतून ३३ मिलिमीटर व्यासाच्या या पाइपात नंतर कॉम्प्रेसरच्या हवेच्या झोताने केबल पुढे ढकलतात. पाषाण लागला की १.६५ मीटर खोली गाठणे महाग पडते. मग कमी खोलीवर लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचे आवरण देऊन भागवावे लागते. आवरण नीट दिले नाही, तर पुढच्या खोदकामात पहिला घाव तिथेच बसतो.

पाइपातल्या केबलमध्ये धागे ‘लूज ट्यूब’ पद्धतीने ठेवलेले असतात. प्लास्टिकच्या बारीक नळीत सहा किंवा बारा धागे सैल सोडलेले आणि भोवती पाणी अडवणारी जेली. धागे नळीपेक्षा थोडे लांब असतात, त्यामुळे केबल ताणली तरी काचेवर ताण येत नाही. मधोमध फायबरग्लासची कांडी, वर बळकटीचे धागे आणि सर्वांत बाहेर काळे पॉलिथिलीन. धाग्यांचे रंगही ठरलेले : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि फिकट निळा. तुटलेली २४ धाग्यांची केबल रात्री बॅटरीच्या उजेडात जोडताना हा क्रम पाठ असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांच्यात तासाभराचा फरक पडतो.

पाइपाशिवाय थेट मातीत पुरायची असेल तर ‘आर्मर्ड’ केबल लागते. तिच्यात नालीदार पोलादी पत्र्याचे वेष्टण असते. उंदीर-घुशींच्या दातांपासून ते बचाव करते. वाळवीचा त्रास असलेल्या जमिनीत बाहेरून नायलॉनचा गुळगुळीत थर देतात. पण पोलाद असले की वीज कोसळल्यावर तिला वाट मिळते. विदर्भात मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा किती कडाडतात, हे सांगायला नको. म्हणून अनेक ठिकाणी धातू अजिबात नसलेली केबल पाइपातून टाकणेच पसंत केले जाते. निवड करताना उंदीर आणि वीज यांच्यातून एक शत्रू निवडावा लागतो, असे म्हटले तरी चालेल.

खांबावरून जाणारी केबल वेगळी. ‘एडीएसएस’ नावाची केबल स्वतःचे वजन स्वतः पेलते आणि तिच्यात धातू नसतो, त्यामुळे विजेच्या खांबावरूनही ती नेता येते. शेतातून जाणाऱ्या अतिउच्च दाबाच्या मनोऱ्यांच्या अगदी टोकाला एक बारीक तार असते. वीज अंगावर घेण्यासाठीच्या या तारेच्या पोटात बऱ्याचदा फायबर असते, तिला ‘ओपीजीडब्ल्यू’ म्हणतात. तुरीच्या शेतावरून इंटरनेट जात असते आणि शेताच्या मालकाला त्याचा पत्ता नसतो.

शेवटी घरात शिरते ती ‘ड्रॉप केबल’. चपटी, काळी किंवा पांढरी, मधे एक किंवा दोन धागे आणि दोन्ही बाजूंना तार किंवा फायबरग्लासची कांडी. खांबापासून घरापर्यंत ताणायची म्हणून कडेला आणखी एक पोलादी तार जोडलेली असते. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हाल सोसणारी केबल. तिच्यावर कपडे वाळत घातले जातात, पत्र्याच्या कडेवर ती घासते आणि माकडांच्या टोळीने तिचा झोका केला तर दोष केबलवाल्याला दिला जातो.

तालुक्याहून निघालेला प्रकाश गावात किती उरतो?

ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क म्हणून मंजूर झाली आणि पुढे तिचे नाव ‘भारतनेट’ झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रात हे काम राज्याने ‘महानेट’ नावाने हाती घेतले. मूळ रचना अशी : तालुक्याच्या ठिकाणी प्रकाश सोडणारे यंत्र, गावात प्रकाश घेणारा डबा आणि मधल्या वाटेवर विजेवर चालणारे काहीही नाही. एकाच धाग्यातला प्रकाश ‘स्प्लिटर’ नावाच्या काचेच्या फाट्यातून अनेक ठिकाणी वाटला जातो. घरोघरी फायबर देणाऱ्या खासगी कंपन्या आणि स्थानिक केबलचालकही बहुतेक हीच ‘जीपॉन’ पद्धत वापरतात. तिच्यात गावाकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि गावातून जाणारा १३१० चा. दोन्ही एकाच धाग्यातून, एकमेकांना न अडवता जातात.

वाटेत वीज लागत नाही, ही खेड्यांसाठी मोठी सोय. पण त्यामुळे प्रकाशाची शिदोरी निघतानाच बांधून घ्यावी लागते. ही शिदोरी ‘डेसिबल’मध्ये, बोलीत डीबीमध्ये मोजतात. ३ डीबी गमावले म्हणजे प्रकाश निम्मा झाला, १० डीबी गमावले म्हणजे दहावा भाग उरला. जीपॉनच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘बी प्लस’ वर्गात जास्तीत जास्त २८ डीबी गमावण्याची मुभा आहे. म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा सहाशे तिसावा भाग पोहोचला तरी नेट चालते.

मालेगाव हे मेडशीचे तालुक्याचे ठिकाण. हिशेबासाठी १५ किलोमीटर केबल धरू. १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे साधारण ०.३५ डीबी जातात, म्हणजे १५ किलोमीटरला सव्वापाच. केबलचे ड्रम बहुधा दोन-दोन किलोमीटरचे, त्यामुळे वाटेत आणि टोकांना मिळून दहा जोड धरले आणि प्रत्येकी ०.०५ डीबी दिले, तर अर्धा डीबी. एका धाग्यावर ३२ जोडण्या असतील तर स्प्लिटर एकटाच सुमारे १७ डीबी खातो. त्यात मोडतोड काही नाही. प्रकाश ३२ जणांत वाटला की तेवढा कमी होणारच. उरले सहा कनेक्टर, प्रत्येकी ०.३ डीबी, म्हणजे १.८. बेरीज साडेचोवीसच्या किंचित वर. २८ मधून वजा केल्यावर हाती उरतात सुमारे साडेतीन डीबी.

या साडेतीन डीबीत सगळे बसवायचे आहे : यंत्राचे म्हातारपण, उन्हाळ्यातला ताण, पावसाळ्यातला ओलावा, तुटल्यावर वाढणारे नवे जोड. पंधरा किलोमीटर काचेने सव्वापाच डीबी घेतले. घराच्या दारात घट्ट वळवलेली ड्रॉप केबल, घाईत लावलेला कनेक्टर आणि त्याच्या तोंडावरची धूळ, असे तिघे मिळून साडेतीन डीबी सहज खातात. म्हणजे शेवटच्या दहा मीटरमध्ये नऊ-दहा किलोमीटरइतके नुकसान. आणि वळणाचा फटका लांब तरंगलांबीला जास्त बसतो, म्हणजे १४९० ला, म्हणजे गावाकडे येणाऱ्या प्रकाशाला. अशा सीमेवरच्या जोडणीचे दुखणे ओळखणे अवघड असते. सकाळी नेट चालते, दुपारी जाते. तंत्रज्ञ येतो तेव्हा दिवा हिरवा असतो.

कनेक्टर किती प्रकारचे?

कनेक्टरचे काम एकच : ९ मायक्रॉनचा एक गाभा ९ मायक्रॉनच्या दुसऱ्या गाभ्यासमोर अचूक आणून धरणे. त्यासाठी धाग्याचे टोक ‘फेरूल’ नावाच्या पांढऱ्या सिरॅमिकच्या नळीत बसवून घासून गुळगुळीत करतात. बाकी फरक आहे तो पकडण्याच्या पद्धतीत.

जुन्या कार्यालयांत ‘एसटी’ दिसतो, बल्बसारखा दाबून फिरवायचा. ‘एफसी’ला आटे असतात, तो हादऱ्याने सैल होत नाही, म्हणून चाचणीच्या यंत्रांवर आणि जुन्या एक्स्चेंजमध्ये टिकून आहे. घरोघरी आहे तो ‘एससी’, जपानमध्ये तयार झालेला चौकोनी कनेक्टर. दाबला की बसतो, ओढला की निघतो. त्याचे फेरूल २.५ मिलिमीटरचे. ‘एलसी’चे फेरूल त्याच्या निम्मे, १.२५ मिलिमीटरचे, आणि वर टेलिफोनच्या पिनसारखा खटका. तेवढ्याच जागेत दुप्पट जोडण्या बसतात, म्हणून स्विच आणि सर्व्हरच्या जगात त्याचेच राज्य. ‘एमपीओ’ तर एकाच तोंडात १२ किंवा २४ धागे घेऊन येतो, पण तो डेटा सेंटरबाहेर सहसा दिसत नाही.

हिरवा आणि निळा : फरक नुसता रंगाचा आहे का?

नाही, आणि गावपातळीवर सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. निळा एससी म्हणजे ‘यूपीसी’. त्याच्या फेरूलचे तोंड जवळपास सरळ, किंचित फुगीर घासलेले असते. हिरवा म्हणजे ‘एपीसी’. त्याचे तोंड ८ अंशांनी तिरपे असते. सरळ तोंडावरून परत उसळणारा थोडा प्रकाश त्याच धाग्यातून उगमाकडे जातो. तिरप्या तोंडावरून उसळलेला प्रकाश क्लॅडिंगमध्ये जाऊन विरतो. निळ्यात साधारण लाखातला एक भाग परततो, हिरव्यात दहा लाखांतला एक. नुसत्या इंटरनेटसाठी निळाही चालतो. पण त्याच धाग्यावरून १५५० नॅनोमीटरवर केबल टीव्ही दिला जात असेल, तर परतणारा प्रकाश चित्रात खडखड आणतो. म्हणून घरगुती जोडण्यांत हिरवा रूढ झाला.

अडचण अशी, की हिरवा कनेक्टर निळ्या तोंडात विनातक्रार बसतो. बाहेरचा साचा सारखाच, खटकाही वाजतो. आत मात्र एक तोंड सरळ आणि एक तिरपे. कडा टेकतात आणि गाभ्यांमध्ये हवेची फट राहते. तिथे काही डीबी उडतात. वरच्या हिशेबातली शिल्लक आठवा, ती तिथेच संपते. शिवाय तिरप्या फेरूलची कड सरळ तोंडावर घासून ओरखडा पडला, तर नंतर योग्य कनेक्टर लावूनही नुकसान राहते. गंमत म्हणजे स्प्लिटर कमी असलेल्या किंवा जवळच्या घरात ही चूक खपून जाते, नेट चालते, आणि ‘आम्ही तर असेच लावतो’ अशी पद्धत पडते. तीच पद्धत गावाबाहेरच्या वस्तीवर गेली की लाल दिवा.

उपाय साधा आहे. राऊटरचे तोंड निळे आणि भिंतीवरच्या डबीचे हिरवे असेल, तर एका टोकाला निळा आणि दुसऱ्या टोकाला हिरवा कनेक्टर असलेली पॅचकॉर्ड मिळते. ती लावायची. हिरवा कापून तिथल्या तिथे निळा बसवणे हा दुय्यम मार्ग.

दुय्यम का, ते पाहू. दोन धागे जोडण्याची चांगली पद्धत म्हणजे ‘फ्यूजन स्प्लायसिंग’. खास कटरने काच काटकोनात तोडायची, यंत्रात दोन्ही टोके समोरासमोर आणायची आणि विजेच्या ठिणगीने वितळवून एक करायची. नीट झालेल्या जोडात ०.०२ ते ०.०५ डीबी इतकेच नुकसान. पण हे यंत्र महाग आणि प्रत्येक केबलचालकाकडे असतेच असे नाही. मग येतो ‘फास्ट कनेक्टर’. धागा तोडून आत सरकवायचा, खटका दाबायचा, झाले. आत काच काचेला नुसती टेकलेली असते, मधली फट जेलने भरलेली. कटरचे पाते बोथट असेल, काच तिरपी तुटली असेल किंवा जेल वाळला असेल, तर अर्ध्या डीबीचा जोड दोन डीबीचा होतो. घाईच्या वेळी तो देवासारखा धावून येतो हे खरे, पण कायमच्या जोडासाठी कारखान्यात घासून तयार केलेले टोक स्प्लाइस करून लावणे केव्हाही बरे.

आणि धूळ. उन्हाळ्यात या भागातला फुफाटा दाराच्या फटीतून घरभर होतो. ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर चार-पाच मायक्रॉनचा एक कण बसला, तर नदीत म्हैस नव्हे, नालीच्या तोंडात धोंडा बसल्यासारखे होते. फुंकर मारली तर तोंडातला ओलावा वाढतो, शर्टाला पुसले तर घामाचा तेलकटपणा पसरतो, आणि घाणेरड्या तोंडावर तसाच कनेक्टर दाबला तर कण काचेत रुतून बसतो. तंत्रज्ञाकडे पेनासारखा क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारा कागद असतो. कनेक्टर काढला की लगेच टोपी घालायची, हा नियम मात्र कुणालाही पाळता येतो.

रस्ता झाला, नेट गेले, असे का होते?

मेडशीतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग १६१ चे चौपदरीकरण टप्प्याटप्प्यांत झाले, त्यातल्या एका टप्प्याचे नावच अकोला-मेडशी. रस्ता हवाच, पण रस्त्याची कड ही केबलचीही कड असते. रस्ता, पाणीपुरवठ्याची पाइपलाइन, नाली, शेताचा बांध, कुठलेही काम असो, जेसीबीचे दात आधी तिथेच लागतात. देशात वर्षाला सुमारे १० लाख वेळा फायबर तुटते आणि त्यातून सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा केंद्र सरकारचा अंदाज आहे. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आणले गेले. खोदणाऱ्याने आधी जागा नोंदवायची, त्या जागेखाली ज्यांची केबल आहे त्यांना सूचना जाते.

तुटण्याचे दुसरे नुकसान हळू दिसते. प्रत्येक वेळी तुटलेल्या जागी एकाच्या जागी दोन जोड येतात, कारण मधे नवा तुकडा घालावा लागतो. जोडाचा डबा नीट बंद झाला नाही की पहिल्या पावसात पाणी शिरते. पाच-सहा वेळा तुटलेल्या मार्गावर साडेतीन डीबीची शिल्लक कुठे गेली, हे शोधायला ‘ओटीडीआर’ लागतो. हे यंत्र धाग्यात प्रकाशाचा ठोका सोडते आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून ‘इतक्या मीटरवर इतके नुकसान’ असा आलेख काढते. तुटलेली जागा शोधायला पंधरा किलोमीटर चालावे लागत नाही.

भारतनेटच्या जुन्या रचनेतला मोठा दोषही तुटण्याशीच निगडित होता. तालुक्याहून निघालेली केबल गावामागून गाव करत सरळ रेषेत जायची. मधे तुटली की पुढची सगळी गावे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात ‘रिंग’ रचना आहे. ग्रामपंचायती वर्तुळात जोडायच्या, म्हणजे एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने वाहतूक सुरू राहील. रिंगमुळे गावापर्यंतची वाट दुहेरी होईल. ग्रामपंचायतीच्या डब्यापासून सेवा केंद्राच्या किंवा घराच्या भिंतीपर्यंतची वाट मात्र एकेरीच राहणार आहे, आणि तिच्यावर तीच चपटी केबल, तोच हिरवा किंवा निळा कनेक्टर.

लाल दिवा लागल्यावर काय करावे?

आधी पिवळी वायर कुठे दाराखाली, खुर्चीच्या पायाखाली किंवा खिळ्याला घट्ट गुंडाळलेली नाही ना, ते पाहावे. तसे असेल तर सैल करून मिनिटभर थांबावे. कनेक्टर ओढून काढू नये. काढलाच, तर त्याच्या तोंडात डोकावू नये. आतला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही आणि दिसत नसल्याने पापणीही मिटत नाही. तंत्रज्ञ बारीक लाल प्रकाशाची बॅटरी लावून तपासतो, तो दिवा वेगळा. काचेचे कापलेले तुकडे जमिनीवर टाकू देऊ नयेत; अनवाणी पायात गेले तर ते दिसत नाहीत आणि काढताही येत नाहीत.

तक्रार करताना ‘नेट बंद आहे’ यापेक्षा एक आकडा सांगितला तर काम लवकर होते. बहुतेक राऊटरच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ किंवा ‘ऑप्टिकल पॉवर’ अशी ओळ असते आणि तिच्यापुढे उणे चिन्हाचा डीबीएममधला आकडा. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यान असेल तर प्रकाश ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधावा. उणे २६-२७ म्हणजे जोडणी काठावर आहे; नेट आज चालत असले तरी पहिल्या जोरदार पावसात जाईल. हा आकडा नेट चांगले चालू असतानाच एकदा पाहून भिंतीवर डब्याशेजारी पेन्सिलने लिहून ठेवावा, तारखेसह. पुढच्या वेळी तंत्रज्ञ नवा कनेक्टर लावून गेला, की पुन्हा पाहावा. लिहिलेल्या आकड्यापेक्षा दोन-तीन डीबीने खाली आलेला असेल, तर त्याला दारातूनच परत बोलवावे.